नळ, मोरी आणि वरखालचे शेजारी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने ठेवलेल्या भाषणमालेतील एका भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून.)



या मालेत आत्तापर्यंत योगासनांवर झालं, मृत्युपत्रावर झालं, चारधामवर तर फोटोंसकट झालं. माझ्या वाट्याला नळ आला. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं प्लंबिंगवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. कारण साधं आहे. मी नऊ वर्षं आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो आणि तक्रारवही माझ्या ताब्यात असायची. त्यात पार्किंगच्या तक्रारी पुष्कळ, भटक्या कुत्र्यांच्या त्याहून पुष्कळ. पण पाण्याच्या इतक्या, की शेवटी मी त्यांची वेगळी वही घातली. प्लंबर आला की मी त्याच्या मागे उभा राहायचो. बिल पास करायचं तर काम काय झालं ते डोळ्यांनी बघायचं, ही बँकेची खोड. नऊ वर्षांत बघून बघून जे समजलं तेवढंच सांगणार आहे.

आधी एक प्रश्न. आपल्या घरात येणारं सगळं पाणी कुठून बंद करायचं, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. ... सात. चव्वेचाळीस फ्लॅटमध्ये सात.

आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून निरनिराळे उभे पाइप खाली उतरतात. स्वयंपाकघराचा वेगळा, प्रत्येक बाथरूमचा वेगळा. म्हणजे एका पाइपवर वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांची तीच तीच खोली असते. गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरवला की एका घराचं नाही, त्या ओळीतल्या सगळ्यांचं पाणी जातं. म्हणून घरातल्या घरात बंद करायची सोय असते: बाथरूमच्या भिंतीत, टाइल्सच्या बाहेर फक्त मूठ दिसते तो कॉक, आणि बेसिन, सिंक, फ्लश, गीझर या प्रत्येकाखाली भिंतीतून निघालेला छोटा अँगल कॉक. हे कॉक वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही. क्षार बसून ते आखडतात, आणि नेमकी वेळ आली की मूठ हातात येते. दोन-तीन महिन्यांनी एकदा प्रत्येक कॉक बंद करून उघडा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि गुडघे दुखत असतील तर नातवाला सांगा. त्याला ते काम आवडतं असा माझा अनुभव आहे.

हे एवढं घोळून का सांगतो? ए विंगमध्ये एक भगिनी एकट्या राहतात. रात्री दोन वाजता त्यांच्या गीझरचा लवचिक कनेक्शन पाइप फुटला. वरून तारेची जाळी असते ना, ती चकचकीत दिसते, पण आतली रबरी नळी गरम पाण्यानं कडक होऊन तडकते. त्या बिचाऱ्या टॉवेल गुंडाळून पाइप धरून उभ्या. वॉचमन नवा, त्याला गच्चीवरचा कुठला व्हॉल्व्ह कुठला हे माहीत नाही. पाणी जिन्यानं उतरत लिफ्टच्या खड्ड्यात गेलं. लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल मी पास केलं आहे, आकडा इथे सांगत नाही. पाइप दोन-अडीचशे रुपयांचा होता. जाळीवर गंजाचे ठिपके दिसले किंवा टोकाशी फुगवटा आला की तो पाइप बदलायचा, फुटायची वाट बघायची नाही. आणि गावाला जाताना घरातलं पाणी बंद करून जायचं. गॅसची मूठ आठवणीनं बंद करतो, तसंच.

गीझरवरून आठवलं. पाणी तापत असताना गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं, त्याची तक्रार दर हिवाळ्यात येते. पाणी तापलं की फुगतं, वाढलेला दाब तिथून बाहेर पडतो. तो व्हॉल्व्हचा दोष नाही, त्याचं कामच ते आहे. एका गृहस्थांनी तिथे एम-सील लावून ते तोंड बंद केलं होतं. असं कृपा करून कुणी करू नये. दाब अडला तर टाकी फुटते. पण गीझर बंद असतानाही ती गळती चालू असेल, तर मात्र माणूस बोलवा.

आता गळका नळ. याबद्दल सगळे बोलतात, करत कुणी नाही. मी एकदा हिशेब केला. आमच्या सिंकचा नळ गळत होता. रात्री दहाला खाली बादली ठेवली, सकाळी सहाला मापानं मोजलं, साडेसात लिटर. आठ तासांत साडेसात म्हणजे दिवसाला साडेबावीस, वर्षाला ८,२०० लिटरच्या वर. उन्हाळ्यात आपण जो दहा हजार लिटरचा टँकर मागवतो, त्याचा मोठा भाग एका सिंकमधून. आणि दुरुस्ती काय? जुन्या, गोल फिरवायच्या नळात आत एक रबरी वॉशर असतो, ज्याला प्लंबर लोक वायसर म्हणतात. तो झिजतो. आपण नळ आणखी जोरात आवळतो, तो आणखी झिजतो. खालचा कॉक बंद करून, पान्यानं वरचा भाग उघडून वायसर बदलला की झालं. पाव फेऱ्यात चालू-बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात; तिथे आतला सुटा भाग आख्खा बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना भाग खिशात घालून न्या, नाहीतर तीन फेऱ्या होतात.

फ्लशची टाकी जास्त लबाड. ती गळते ती आतल्या आत, दिसत नाही. टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलेलं आहे. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर पाणी सोडतात, नव्या दोन बटणांच्या टाक्या तीन आणि सहा लिटर. ज्यांची बाथरूम दुरुस्तीला निघाली आहे त्यांनी विचार करावा.

पाचव्या मजल्यावरच्या मंडळींची कायमची तक्रार: आम्हाला पाणी बारीक येतं. यात समितीचा काही कावा नाही. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक किलो दाब. तुमच्या शॉवरपासून टाकी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे तुम्हाला मिळतो त्याच्या तिसरा हिस्सा. पहिल्या मजल्यावरच्यांना तेच पाणी जोरात लागतं. मॉलमध्ये बघितलेला ताटाएवढा शॉवर वर बसवला तर त्यातून पाऊस नाही, दव पडेल. पण अचानक एकाच नळाचं पाणी बारीक झालं, तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा. टाकी धुतल्यानंतरच्या दोन दिवसांत त्यात वाळू हमखास अडकते. आपलं बोअरचं पाणी जड, त्यामुळे क्षारही धरतो. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात ठेवली की स्वच्छ होते. माझ्या वहीतल्या "पाणी येत नाही" या तक्रारींपैकी कितीतरी या एका जाळीशी संपल्या.

आता मोरीकडे येऊ. मोरीच्या जाळीखाली जे वाडग्यासारखं भांडं असतं त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतसुद्धा हाच शब्द आहे. आपली न्हाणी साहेबाच्या पुस्तकात जाऊन बसली, याचा मला उगाच अभिमान वाटतो. या ट्रॅपमध्ये, कमोडमध्ये, सिंकखालच्या बाटलीत थोडं पाणी कायम साठून राहतं. तेवढं पाणी म्हणजे झाकण. ड्रेनेजमधला वास आणि झुरळं त्या पाण्यामुळे वर येत नाहीत. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं लंडनमध्ये वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही युक्ती चालू आहे. "बाथरूममध्ये वास येतो" ही तक्रार आपल्याकडे बहुतेक बंद घरांतून येते. मुलं अमेरिकेत, आईवडील सहा महिने तिकडे. इकडे ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं आणि झाकण उघडतं. निघण्यापूर्वी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, वर दोन चमचे गोडं तेल सोडा. तेलाचा तवंग पाणी लवकर उडू देत नाही. किल्ली शेजाऱ्यांकडे असेल तर महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी त्यांना टाकायला सांगा.

ड्रेनेजचा उभा पाइप गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो, तो कुणी विसरलं म्हणून नाही. त्याला श्वास लागतो. वर हवा मिळाली नाही तर वरच्या मजल्यावरून पाणी गेलं की खालच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि गडगड आवाज येतो. आपल्या पुण्याला हे नवीन नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नुसत्या उतारानं पाणी आणलं, तेव्हा वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते, हवा निघून जायला आणि आतला गाळ काढायला. त्या लोकांना जे अडीचशे वर्षांपूर्वी कळलं ते आपल्या गच्चीवर वाळवणाला ऊन यावं म्हणून पाइप कापून टोपण बसवणाऱ्यांना कळलं नाही. नाव घेत नाही, टोपण मी काढायला लावलं.

सिंक तुंबलं तर तेल आणि भाताची खळ, ही दोन कारणं. ताटं, कढया धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसल्या तर निम्मा त्रास संपतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओता असं मोबाइलवर येतं. फेस छान येतो, तुंबलेलं तसंच राहतं. रबरी पंप मारा, नाहीतर खाली बादली ठेवून बाटली उघडा, हातानं फिरते. ॲसिड नको. पाइप खराब होतो, आणि ते अडकून राहिलं तर नंतर पाना लावणाऱ्या प्लंबरच्या तोंडावर उडतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये आपल्या वयाच्या माणसाला तो पुरेसा आहे.

आता ज्या विषयामुळे मी हे भाषण स्वीकारलं त्याकडे येतो. ओल. वरच्यांच्या बाथरूमची खालच्यांच्या छतावर.

बी विंगमधल्या दोन कुटुंबांची गोष्ट सांगतो, दोघांच्याही परवानगीनं. दोघं समोर बसले आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली, मग थेंब पडायला लागले. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर जाऊन सांगितलं. वरच्यांनी चांगुलपणानं सगळ्या फरशा उखडून, खाली वॉटरप्रूफिंग करून, नव्या बसवल्या. साठ हजारांच्या आसपास खर्च. महिन्यानं पुन्हा थेंब. खालच्यांना वाटलं काम वरवरचं केलं, वरच्यांना वाटलं आता हे मुद्दाम त्रास देतात. बोलणं बंद. वकिलाची नोटीस. गणपतीत एकाच आरतीला उभे, पण तोंडं दोन दिशांना. संक्रांतीचं वाण बंद झालं. पंधरा वर्षं ज्यांच्या घरच्या वाट्या एकमेकांकडे असायच्या, त्यांची ही अवस्था दोन वर्षं होती.

मी प्लंबर नाही, पण मला तारखा जुळवता येतात. मी वही घेऊन बसलो. खालच्यांच्या तक्रारींच्या तारखा एका बाजूला लिहिल्या, आणि वॉचमनच्या रजिस्टरवरून वरचे कधी गावाला गेले होते ते दुसऱ्या बाजूला. दिवाळीत वरचे दहा दिवस नागपूरला होते, घराला कुलूप. त्या दहा दिवसांत खाली तीनदा थेंब पडल्याची नोंद होती, तिन्ही वेळा सकाळी. बंद घरातून सकाळी पाणी कोण सोडणार? तेव्हा डक्टमध्ये माणूस उतरवून बघितलं. चौथ्या-पाचव्या मजल्यांवरचं आंघोळीचं आणि मशीनचं पाणी वाहून नेणारा उभा पाइप तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबपाशी सांध्यात तडकला होता. पाणी भिंतीतून आत शिरून खालच्यांच्या छतातून बाहेर पडत होतं. सांधा बदलायला चार हजारांच्या आत खर्च आला, आणि पाइप सामाईक म्हणून तो सोसायटीनं केला. वरच्यांचे साठ हजार मात्र गेले ते गेले. सर्वसाधारण सभेत तो विषय निघाला, निर्णय झाला नाही. त्यांनी पुन्हा काढला नाही. मला विचाराल तर सोसायटीनं निदान काही भाग द्यायला हवा होता, आणि हे मी सभेतही बोललो आहे.

म्हणून फरशी फोडण्याआधी चौकशी करा. थेंब चोवीस तास पडतात का? मग दाबाखालच्या, म्हणजे नळाच्या पाइपची शंका. वरच्या घराचे कॉक रात्रभर बंद ठेवा, थेंब थांबले तर तिथेच आहे. फक्त पाणी वापरल्यावर पडतात? मग सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा फरशीच्या फटी. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन बोटं रंगीत पाणी भरून एक दिवस ठेवा. खाली रंग उतरला तर फरशीतून, नाही उतरला तर दुसरीकडे बघा. फक्त पावसाळ्यात ओल येते? मग बाथरूमचा संबंधच नाही, बाहेरची भिंत किंवा गच्ची. आणि कुणाच्या घरात कुणाचं पाणी वापरात होतं, त्या तारखा लिहून ठेवा. थेंब थांबल्यावरही ओल लगेच जात नाही, हेही लक्षात असू द्या. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात वीटभर भरलेली असते. ती महिनोन्महिने पाणी सोडत राहते. तेवढ्यात पुन्हा भांडायला जाऊ नका.

खर्चाचं पोटनियमांत स्पष्ट आहे. बाहेरून जाणाऱ्या सामाईक पाइपची गळती, पावसाची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची. आपल्या संडास, सिंकमधून होणारी आतली गळती ज्याची त्यानं.

आता एक अप्रिय गोष्ट. काही वर्षांपूर्वी जुलैत फाटकाजवळचा चेंबर भरून वाहू लागला. कंत्राटदार एका पोराला घेऊन आला, वीस-बावीस वर्षांचा असेल. त्यानं शर्ट काढला, कमरेला दोर बांधला आणि आठ फूट खोल चेंबरमध्ये उतरायला निघाला. आम्ही तिघांनी त्याला थांबवलं. वास असह्य होता, पाऊस होता, आणि काही सभासद वरून ओरडत होते की त्याला सवय आहे, उतरू द्या. अशा चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच थांबतं, माणसाला वाटतं हवा बरी झाली, आणि तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे. दाबाच्या पाण्याची गाडी मिळायला तीन दिवस गेले, बिलही बरंच झालं, सभेत मला त्यावरून उभं करून विचारलं. मी उत्तर दिलं, इथे पुन्हा देत नाही. गाडीनं जे बाहेर काढलं ते सांगतो: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले टिश्यू, आणि कुणाच्या तरी नूतनीकरणाचं सिमेंट. यातलं काहीही पाण्यात विरघळत नाही. ते आपल्याच घरांतून गेलं होतं.

शेवटी पैशांचं बोलल्याशिवाय मला बसवत नाही. आपले उभे पाइप जीआय म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे. पंचवीस वर्षांत ते आतून गंजतात. मागच्या वर्षी कापलेला एक तुकडा मी आणला आहे, फिरवून बघा. बाहेरून इंचाचा, आतून करंगळी जात नाही. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं ते याचंच. जागोजाग तुकडे जोडण्यापेक्षा सगळे बदलायला हवेत, थंड पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी. पुढच्या महिन्यात विशेष सभेत हा विषय आहे आणि "सिंकिंग फंड असताना वेगळी वर्गणी कशाला" हा प्रश्न येणार आहे. त्याचं गणित असं. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. समजा तेव्हा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च चार लाख होता, तर वर्षाला हजार रुपये, महिन्याला साधारण त्र्याऐंशी. पंचवीस वर्षांत पंचवीस हजार मुद्दल. सात टक्के चक्रवाढ सलग मिळाली असं धरलं तरी त्रेसष्ट हजारांच्या आसपास. रक्कम २५ वर्षांपूर्वीच्या खर्चावर ठरते आणि पाइप आजच्या भावानं घ्यायचे. शिवाय ही रक्कम पाइपसाठीच नाही, इमारतीच्या सगळ्याच मोठ्या कामांसाठी आहे. वर्गणी लागेल. पेन्शनवर जगणाऱ्यांना ती एकदम झेपणार नाही हे मी जाणतो, मी त्यातलाच आहे. म्हणून बारा हप्त्यांचा प्रस्ताव मी लेखी दिला आहे.

मघाशी एका वहिनींनी चिठ्ठी पाठवली: पाचव्या मजल्यावर घरात प्रेशर पंप बसवला तर चालेल का? टाकीतून येणाऱ्या सामाईक पाइपला थेट पंप लावला तर तो खालच्यांचं पाणी ओढतो, तेव्हा तसा नको. आपल्याच घराच्या वेगळ्या ओळीवर, समितीला विचारून, चालेल. पण नवे पाइप होईपर्यंत थांबा, कदाचित गरज पडणार नाही.

गच्चीवरचे व्हॉल्व्ह कोणत्या ओळीचे आहेत याच्या पत्र्याच्या चकत्या मी करून आणल्या आहेत. रविवारी सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, बी विंगच्या गच्चीवरून सुरुवात करू. प्रत्येक ओळीतल्या एका घरानं नळ उघडून बघायला थांबावं लागेल, म्हणजे कुठलं पाणी गेलं ते कळेल. पाना आणि तारा माझ्याकडे आहेत. शिडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणावी.